ऑल करेक्ट

मस्कतहून मामा आला तेव्हा त्यानं प्रत्येकासाठी काहीतरी आणलं होतं. मायसाठी वासाच्या साबणाच्या वड्या, बाबांसाठी दाढीचं मशीन, मला गुलाबी छत्री आणि सगळ्या घरात मिळून एक रेडिओ. रेडिओ म्हणजे मामाच्या मते रेडिओ. तिकडच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्यानं तो हौसेनं घेतला होता. हातात मावेल एवढा काळा ठोकळा, वर रबराची शेपटी आणि पुढे हिरव्या उजेडाची चिमुकली खिडकी. त्या खिडकीत आकडे आपोआप पळत राहायचे. गाणं मात्र एक लागेल तर शपथ. ना हैदराबाद, ना नागपूर, ना शेतकऱ्यांचा कार्यक्रम. मामा चिडून त्याच्या पाठीत थापा मारायचा आणि बाबा मिशीत हसायचे. चार दिवस गावभर मामाच्या मुक्या रेडिओची थट्टा झाली, मग मामा निर्मलला आपल्या घरी निघून गेला आणि ठोकळा आमच्या फळीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी धूळ खात पडला.

तो पहिल्यांदा बोलला तो फळी पुसताना. मायच्या हातून कुठलंसं बटण फिरलं, आकडे पळता पळता थांबले आणि एक माणूस झोपाळू आवाजात तेलुगूत म्हणाला की जीपचं चाक बसलंय, जादाचं चाक ठाण्यातच राहिलंय, आता काय करू. आमचं गाव मराठी, पण राज्य तेलुगू बोलणारं; मायला तेलुगू बाजारापुरतं येत होतं. मी वांकिडीच्या तेलुगू शाळेत शिकत होते, तेव्हा मी हसत हसत तिला सगळं मराठीत सांगितलं. बाबा हसले नाहीत. ते उठले आणि भर दिवसा त्यांनी घराचं दार लावून घेतलं. हे पोलिसांचं बोलणं आहे, ऐकणारा सरळ तुरुंगात जातो, असं त्यांनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं. बाबा गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. आमच्या घराण्यात सरकारी पगार पहिल्यांदा त्यांच्याच हातात पडला होता आणि अशा माणसाला सरकारची जी भीती असते ती पिढीजात नोकरदाराला कधी कळायची नाही. ठोकळा जोंधळ्याच्या कणगीत पुरून टाकायचा हुकूम झाला.

माय ठोकळा घेऊन कणगीसमोर उभी राहिली, पण तो आत पुरायला तिचा हात धजेना. तिनं बाबांना एकच विचारलं. ‘याच्यात आपल्या दिलीपचा आवाज येईन का?’

दिलीप माझा थोरला भाऊ. तो पोलिसात शिपाई होता आणि आवाज खणखणीत म्हणून त्याला बिनतारी संदेशाच्या कामाला लावलं होतं. ठाणं जंगलात, डोंगराच्या पोटात. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याच्या जंगलात बंदूकवाले होते. लोक त्यांना ‘आतले’ म्हणायचे, कुणी ‘अण्णालोक’ म्हणायचे, नाव घेऊन कुणी काही म्हणत नसे. पोलिसात गेलेल्या गावच्या पोरानं रजेवर घरी येणं म्हणजे स्वतःच्या आणि घरच्यांच्या जिवाशी खेळणं होतं. म्हणून दिलीप यायचा नाही. पत्र घालायचा नाही. गावात फोन नव्हता. तो जिवंत आहे एवढंही आम्हाला कळायला मार्ग नव्हता, आणि आता मायच्या हातात एक ठोकळा होता जो पोलिसांचं बोलणं बोलत होता. बाबांचा हुकूम तिथंच बारगळला. पुढं कित्येक दिवस आम्ही दोघी सकाळ-दुपार त्या ठोकळ्याला कान लावून बसलो. मग कुणीतरी शोध लावला, बहुधा बाबांनीच, की शेपटीला तार जोडून ती अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला बांधली तर लांबचंही ऐकू येतं. तेव्हापासून आमच्याकडे धुणं दुपारनंतर वाळत पडायला लागलं, कारण ओले कपडे टाकले की आवाज बसायचा. शेजारणी मायला आळशी म्हणायला लागल्या. मायनं ते हसून सोसलं.

आणि एका सकाळी दिलीप सापडला. रोज सकाळी जिल्ह्याचं मुख्य केंद्र एकेका ठाण्याला हाक मारायचं आणि ठाण्यानं उत्तर द्यायचं, अशी हजेरी असे. प्रत्येक ठाण्याला बिनतारीवर वेगळं नाव होतं. केंद्र म्हणालं, ‘रोमिओ फोर’, आणि आमच्या घरात आमच्या दिलीपचा आवाज आला. ‘रोमिओ फोर, ऑल करेक्ट सर.’ बस, एवढंच. त्याचं तेलुगू तेव्हाही आमच्या वळणाचं होतं, साध्या ‘सर’लासुद्धा तो वऱ्हाडी हेल द्यायचा. माय चुलीपुढे बसली होती, तिच्या हातात काडेपेटी होती, आणि ती रडत रडत काड्या ओढत राहिली, एकही पेटेना. त्या दिवसापासून घराचा नेम ठरला. सकाळी पीठ मळून ठेवायचं, लाकडं रचायची, तवा मांडायचा, पण चूल पेटवायची नाही. हजेरी सुरू व्हायची. एकेक ठाणं बोलायचं. ‘रोमिओ फोर’चं उत्तर आलं की माय काडी ओढायची आणि तव्यावर पहिली भाकर पडायची. तिला रोमिओ म्हणता यायचं नाही, ती ‘रामू चार’ म्हणायची. मी शाळेला निघायची घाई करू लागले की म्हणायची, थांब, आपला रामू चार बोलू दे.

अशी गोष्ट पोटात ठेवणं मायच्या स्वभावात नव्हतं. गावाला तिनं रेडिओ बिघडला म्हणून सांगितलं, पण कमलकाकूला खरं सांगितलं. कमलकाकूचं घर आमच्या काट्यांच्या कुपाटीपलीकडे. ते कुणबी, जमीनवाले, आणि माझे आजोबा त्यांच्याच शेतात राबलेले. आता आमच्या घरात पगार होता आणि त्यांच्या घरात भाव नाही म्हणून पडून राहिलेला कापूस, तरी काही गोष्टी जिथल्या तिथं होत्या. कमलकाकू रोज आम्हाला ताक द्यायची, पण आमच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वरून धार सोडायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. आमच्या दारात बसायची ती उंबऱ्याबाहेर पोत्यावर. मायनं चहा पुढे केला की म्हणायची, आत्ताच घेऊन आली. तिचा बालाजी आणि आमचा दिलीप एकाच पावसाळ्यात जन्मलेले, एकत्र वाढलेले. बालू आमच्या चुलीपाशी बसून जेवायचा आणि दिलीपला त्यांच्याकडे ओसरीवर वाढलं जायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, किंवा वाटत असलं तरी कुणी बोलत नव्हतं. मला वाटायचं. पण काकू प्रेमळ होती हेही तितकंच खरं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे समजायला मला निम्मं आयुष्य लागलं.

त्या दोन पोरांची आणखी एक खूण सारखी होती. तान्हे असताना दोघांचीही पोटं एकदमच फुगली. तेव्हा आमच्याकडे दवाखान्याऐवजी बायजाबुडी, म्हणजे म्हातारी बायजा. ती विळ्याचं टोक तापवून लेकरांच्या पोटावर डाग द्यायची, बेंबीभोवती गोल आणि खाली एक वेगळा. बुडीचा हात असा ठरलेला की तिनं डागलेलं पोर हजारात ओळखू यावं. तिनं या दोघांना एकाच दुपारी, एकाच विळ्यानं डागलं. मोठे झाल्यावर नाल्यात पोहताना दोघं सदरे काढायचे तेव्हा गावची पोरं त्यांना जोडीचे बैल म्हणून चिडवायची, कारण बैलांनाही असेच डाग देतात. आज कुणी लेकराला असं डागलं तर मी स्वतः पोलिसात जाईन. पण ती बुडी दुष्ट नव्हती. पोरं वाचली की गाव तिचे पाय धरायचं.

मायनं ठोकळ्याची गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या सकाळी काकू ताक घेऊन आली आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. हजेरी संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं की यात आतल्या लोकांची काही खबर येते का. मायला आधी कळलंच नाही. बालू पुण्याच्या कंपनीत आहे असं सगळ्या गावाला माहीत होतं, आम्हालाही. काकू खाली बसली आणि म्हणाली, ‘पुन्याले नाही व गेला तो.’ एवढंच म्हणाली. तो का गेला, कुणाबरोबर गेला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिलाही सांगता आलं नाही. त्याची धाकटी बहीण सुनंदा माझ्या वयाची, तिची सोयरीक पलीकडे राजुऱ्याकडे ठरली होती. भाऊ आत गेला हे बाहेर फुटलं तर सोयरीक मोडणार आणि पोलीस दारात येणार, हे सांगायची गरज नव्हती. शेजारच्या एका गावात असंच नाव फुटलं होतं आणि त्या घरातला म्हातारा ठाण्यातून परत आला तो काठीशिवाय कधी चालला नाही.

मग दोघी आया रोज सकाळी एका ठोकळ्यापुढे बसू लागल्या. एकीचा लेक ठाण्यात, दुसरीचा त्या ठाण्याच्या समोरच्या जंगलात. मी मध्ये बसून तेलुगूचं मराठी करायची. मायला शब्दाला शब्द लागायचा, मागाहून सांगितलेलं चालायचं नाही. बहुतेक बोलणं अगदी फालतू असायचं. कुणाला डिझेल हवं, कुणाच्या साहेबाला कोंबडी हवी, कुठं बैलबंडीला लॉरीनं उडवलं. पण कधी कधी अमुक डोंगराकडे तुकडी निघाली असं यायचं. तेव्हा मायचे ओठ हलायचे आणि काकूचेही हलायचे, आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. एकीनं मागितलं ते पुरतं मिळालं तर दुसरीचं जाणार होतं. हे त्यांना कळत होतं. तरी हजेरी झाली, चूल पेटली, की माय चहा टाकायची आणि काकू तो घ्यायची. तिनं नको म्हणणं कधी सोडलं ते आमच्या ध्यानातही आलं नाही.

तो दिवस कापूस वेचणीचा होता. सकाळी हजेरी सुरू झाली. केंद्रानं रोमिओ फोरला हाक मारली आणि उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग केंद्र पुढच्या ठाण्याकडे गेलं, सगळी ठाणी बोलून झाली, पुन्हा रोमिओ फोरला हाक, आणि पुन्हा नुसती खरखर. मायनं काडेपेटी पदराखाली धरली होती. काकूला शेतात बाया लावायच्या होत्या, ती गेली नाही. बाबांनी शाळेत निरोप पाठवला की अंगात कणकण आहे. मळलेल्या पिठावर कोरडी साय धरली. आदल्या रात्रीचं अंबाडीचं वरण तसंच झाकून होतं आणि त्याचा आंबूस वास घरभर बसला होता, आजही अंबाडी शिजली की मला ते घर आठवतं. कुणी जेवायचं नाव काढलं नाही. अंगणात कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी बैल हाकत गेलं, आणि हिरव्या खिडकीत आकडे पळत होते.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा आकडे थांबले आणि दिलीप बोलला. आवाज बारीक येत होता, तो ठाण्यातून नाही, जंगलातून बोलत होता, धापा टाकत होता. पण दिलीपच. माय ‘आला’ म्हणाली आणि तिच्या हातानं रोजच्या सवयीनं काडी ओढली. लाकडं सकाळपासून कोरडी रचलेली, भडकन पेटली. मायच्या चेहऱ्यावरचं ते सुख मी पाहिलं. काकूनंही पाहिलं, आणि काकूच्याही तोंडून ‘बरं झालं व माय’ असं निघालं. ते तिनं मनापासून म्हटलं, यावर कुणी शंका घेऊ नये.

मग पुढचं बोलणं आलं. चकमक झाली. आपली सगळी माणसं सुखरूप आहेत. समोरचा एक ठार. मी सांगत होते, माझं तोंड आपोआप चालत होतं. पुरुष, वय पंचविशीच्या आत. अंगानं बारीक. सदरा हिरवा. केंद्रानं अंगावरच्या खुणा विचारल्या. दिलीप थांबला. केंद्रानं पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, पोटावर जुने भाजल्याचे डाग. बेंबीच्या भोवती. त्यापुढचं मी मराठीत केलं नाही.

‘सांग,’ काकू म्हणाली.

मी मायकडे पाहिलं. बाबा खाली बघत होते. काकूनं माझं मनगट धरलं, जोरात नाही. ‘सांग व पोरी. थांबू नोको.’ मी सांगितलं. बेंबीच्या भोवती गोल आणि खाली एक वेगळा.

केंद्रानं नाव विचारलं. दिलीपनं क्षणभर बटण दाबून धरलं असावं, कारण नुसता वारा ऐकू आला. मग तो म्हणाला, ‘गुर्तु तेलियदु सर.’ ओळख पटली नाही. केंद्र म्हणालं, आसपासचं कुणी ओळखेल का, नीट पाहा. तो म्हणाला, या भागातला नाही सर. कुणी ओळखणार नाही. त्याच्या आवाजात तो हेल नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वच्छ तेलुगू बोलला.

चूल भडकलेली होती आणि तवा लाल व्हायला लागला होता. मायला तो उतरवायचं सुचेना. शेवटी बाबांनी पुढे होऊन तवा ओढला, त्यांचा हात भाजला. काकू उठली. तिनं पदर नीट केला, डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, मी जातो त्याले आनाले. जणू पोरगं शाळेत अडकून पडलंय. त्यांच्यात लग्न न झालेल्या तरण्या पोराला तसाच नेत नाहीत, आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावतात, हळद लावतात, मग नेतात. काकू तेच म्हणत होती, त्याची रुई नाही झाली, त्याची हळद नाही झाली, त्याले तसाच कसा टाकतीन ते. बाबा तिच्या आडवे आले नाहीत. ते म्हणाले, चला, मीही येतो संगं. मग त्यांनी मास्तरासारखं एकेक सांगितलं. प्रेत दवाखान्यात नेतील, तिथं विचारतील, तुम्ही कोण. सांगावं लागेल. मग विचारतील, पेपरात नाही, गावात दवंडी नाही, तुम्हाला कुणी सांगितलं. बाबांनी फळीवरच्या ठोकळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण काकूनं पाहिलं. मग तिनं मायकडे पाहिलं. ज्यानं ओळखूनही नाव सांगितलं नाही त्या पोलिसाचं काय करतील, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सुनंदाचं काय होईल तेही नाही.

ती परत खाली बसली. ‘माहा गेला,’ ती मायला म्हणाली. ‘तुहा तं राहू दे.’

मायनं तिला पोटाशी धरलं. दोघी रडल्या त्या पदराचा बोळा तोंडात कोंबून, कारण कुपाटीपलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया दुपारच्या भाकरीला येऊन बसल्या होत्या. आमच्याकडे माणूस गेलं की बाई हंबरडा फोडते, गाव ऐकतं, गाव धावतं. तो हंबरडाही तिला मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी तेलुगू पेपरात दोन ओळी आल्या, एक अनोळखी, फोटो नाही. बाबांनी त्या मला वाचायला लावल्या आणि पेपर चुलीत घातला. संध्याकाळी काकू कापसाची बोंडं निवडत ओसरीवर बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की बालूचा निरोप आला, पुन्याले काम लई हाये, लग्नाले येनं व्हत नाही.

काकूचं तेव्हा जे वय होतं ते मी आता कधीच ओलांडलं आहे. माझे दोन मुलगे लांबच्या शहरांत आहेत आणि दिवसातून दोनदा फोन करतात, तरी एखादा फोन चुकला की माझं काळीज हलतं. तेव्हाची काकू मला कळते असं मी म्हणणार नाही. मला ती दिसते एवढंच.

पुढं सुगी सरायच्या सुमारास बायजाबुडी म्हातारपणानं गेली. पिकलं पान, कुणाला फारसं दुःख नव्हतं, बाया रीतीपुरत्या रडून बाजूला होत होत्या. कमलकाकू आली, तिनं बुडीचे दोन्ही हात उचलून आपल्या छातीशी धरले आणि असा हंबरडा फोडला की दारातले पुरुष वळून बघायला लागले. ‘माह्या लेकराचं पोट राखलं व माय तुनं. कोनाले देऊन टाकलं व आता. हळद नाही, रुई नाही, तसंच उघडं धाडलं व माह्या सोन्याले.’ रडण्यातले शब्द कुणी धरत नाही, बायांना वाटलं, बुडीशी हिचा किती जीव. एकमेकींना म्हणाल्या, ऋण मानणारी बाई आहे. माय तिच्या पाठीवर हात फिरवत बसली होती आणि मोकळी रड, मोकळी रड, असं म्हणत होती. बुडीला उचलायला उशीर झाला, कारण काकू हात सोडेना.

हजेरीला ती पुन्हा येऊ लागली होती. मायनं त्या दिवसानंतर ठोकळा बंदच करून ठेवला होता, लाज वाटत होती तिला. काकू एका सकाळी ताक घेऊन आली आणि म्हणाली, काऊन बंद ठेवलं, लाव, त्याचा आवाज आयकू दे. दिलीप ऑल करेक्ट म्हणाला आणि काकूनं स्वतः काडी ओढून आमची चूल पेटवली. नंतर रोजच. तो ठोकळा अजून माझ्या कपाटात आहे. पोलिसांची यंत्रं बदलली, राज्याचं नावही बदललं, आता त्यातून खरखरीशिवाय काही येत नाही. भाचा म्हणतो आत्या, भंगारात दे. मी देत नाही.

दिलीप आला तो सुनंदाचं लग्न होऊन गेल्यावर. साध्या कपड्यात, आधीच्या फाट्यावर उतरून, पऱ्हाटीतून चालत आला. फार वाळला होता. आम्ही त्याचं रोजचं बोलणं ऐकतो हे त्याला माहीत नव्हतं आणि बाबांनी ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं. माय त्याला बघून बघून थकेना. तो म्हणाला, काकूला भेटून येतो. मायनं मला त्याच्यासोबत धाडलं. तो नेहमीसारखा ओसरीवर टेकला आणि त्यानं विचारलं, बरी हायेस ना काकू. बालूचं नाव त्यानं काढलं नाही. काकू आतून म्हणाली, आत ये. त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, तेव्हा तो चपला काढून, अंग चोरून, त्या घराच्या आत पहिल्यांदा गेला. चुलीशेजारी पाट मांडलेला होता. पुढ्यात बालूची पितळी ताटली. काकूनं गरम भाकर आपल्या हातानं त्याच्या ताटात ठेवली, वरण वाढलं, ठेचा वाढला आणि समोर बसली. दिलीपनं ताटली ओळखली. त्याचा हात भाकरीवर गेला आणि तिथंच राहिला.

काकूनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, ‘तुमच्या तिकडं बेवारस मानसाले माती कोन देते रे बाबू?’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्याला सगळं कळलं. चुलीतलं लाकूड सरकलं, काकूनं ते हातानं आत सारलं. 

‘मी देल्ली, काकू,’ दिलीप म्हणाला. ‘रुईची डहाळी तोडून आनली होती. ठेवली संगं.’ मग म्हणाला, ‘हळद नव्हती तिथं.’

काकूनं डोळे मिटले.  मग तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘जेव आता.’

दिलीपनं भाकर मोडली.